दोनची बदली

बसा असे जवळ. लाईट येईल तेव्हा येईल. मोबाईलची बॅटरी तेवढी बंद करा, डोळ्यांवर येते.

ही गोष्ट धनेशची. आपल्याच कोपरखैरणे गावातला, भाजीचा टेम्पो चालवतो तो. त्याने मला एकदाच सांगितली आणि म्हणाला, पुन्हा विचारू नका. तेव्हा मी यात काही वाढवणार नाही आणि काही लपवणारही नाही.

अमावस्या वगैरे नव्हती. उलट आदल्या दिवशीच पुनव झाली होती. गेल्या सालची संक्रांत, जानेवारीची चौदा तारीख, मंगळवार. धनेश दिवसभर तुर्भ्याच्या मार्केटमधून माल वाहून दमला होता. जेवून आडवा होणार, तोच त्याच्या बायकोने, अर्पिताने, डबा पुढे केला.

"बाबांना नेऊन दे ना. तिळाचे लाडू आहेत. आणि ही गोळी. सकाळपासून छातीत जळजळतंय म्हणत होते, आणि गोळी इथेच विसरून गेले."

"तुझा बाप तिळगूळ खातो कधी?"

"नाही खात. मी तरी पाठवते. आणि ऐक धनेश, बरं वाटत नसेल तर त्यांना घेऊनच ये. शब्द दे मला."

"आनतो गं बाई, आनतो. उचलून आनतो."

तिचे वडील म्हणजे जयदेव हवालदार. मूळचे साताऱ्याकडचे, कारगिलच्या लढाईत होते. फौजेतून आल्यावर इथेच स्थायिक झाले. पेन्शन होती, कुणी नोकरी कर म्हणत नव्हतं. तरी न्हावा शेव्याच्या वाटेवर रिकाम्या कंटेनरचं एक यार्ड आहे, तिथे गेटवर उभे राहायचे. संध्याकाळी सहा ते रात्री दोन. ती पाळी त्यांनी मागून घेतली होती. कारण दोन वाजेपर्यंत त्यांना झोपच येत नसे. सुट्टी असली तर घरच्या गॅलरीत उभे. ताठ. दोन वाजले की आत येत आणि लहान मुलासारखे झोपत. अर्पिताने लहानपणापासून रात्रीचा बाप पाहिला तो पाठमोराच.

तर धनेश निघाला. पोर्टच्या रस्त्यावर ट्रेलरची रांग लागलेली. पोचायला सव्वाबारा झाले.

यार्डात पाच-पाच कंटेनर एकावर एक रचलेले. खाली खडी. गेटपाशी केबिन, केबिनबाहेर प्लास्टिकची खुर्ची. खुर्ची रिकामी. जयदेव तिच्या शेजारी उभे.

"या जावईबापू! गोड बोलायला एवढ्या लांब आलात?"

"फोनवर बोललो असतो मामा. पन तुमची लेक डबा फोनमधून पाठवू देईना."

जयदेव हसले. हसता हसता हात छातीवर गेला आणि तिथेच राहिला. धनेशने नीट पाहिलं. थंडी चांगलीच होती, आणि त्यांच्या कपाळावर घाम.

"मामा, चला. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

"दोनला पुढच्या पाळीचा निशांत येतो. तो आला की निघू."

"दोन वाजायला पावणेदोन तास हायेत!"

"मग काय झालं. उभंच तर राहायचंय."

गोळी घेतली त्यांनी. उतार पडला नाही. धनेशने निशांतला फोन लावला. तो पोरगा त्याच ट्रेलरच्या रांगेत बाईक घेऊन अडकलेला. सुपरवायझरचा फोन बंद. अँब्युलन्सला फोन केला, ते म्हणाले वीस मिनिटं. अर्ध्या तासाने पुन्हा केला. म्हणाले, वीस मिनिटं.

"मामा, गेट काय कोन चोरून नेनार हाय? गाडीत बसा. तुमच्या पाया पडतो."

"बदली आल्याशिवाय पहाऱ्यावरचा संत्री जागा सोडत नाही, जावईबापू."

धनेशने दंडाला धरून ओढून पाहिलं. पन्नाशीतला आजारी माणूस, पण गेटच्या खांबासारखा. हलेना. ओढावं तर छातीला कळ यायची, सोडावं तर डोळ्यांदेखत चेहरा पांढरा पडत चाललेला. काय करावं माणसाने?

मग जयदेवांनी पिशवीतून एक जोडी काढली. हातमोजे. जुने, फौजेतले, आतून लोकर. अंगठा वेगळा, बंदुकीचा चाप ओढायचं बोट वेगळं, बाकीची तीन बोटं एकत्र.

"बसा. तुम्हाला सांगतो. अर्पिताला कधी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका."

आणि ते सावकाश, थांबत थांबत सांगू लागले.

"लढाई जुलैत संपली. पण जिंकलेली ठाणी हिवाळ्यात सोडून चालतंय का? आम्ही वरच राहिलो. मी आणि पंढरी. मिरजेकडचा होता, फार हसायचा. दोन तास त्याचा पहारा, दोन तास माझा. हे जाड मोजे दोघांत एकच जोडी. एकाने काढायचे, आतून गरम असतानाच दुसऱ्याने घालायचे. तीच आमची बदली. मोजे हातात आले की जागा तुझी.

"त्या संक्रांतीला रात्री बाराला मी सुटलो. बर्फ पडून मोजे ओले झालेले. पंढरीला म्हटलं, तू तोवर साधे घाल. हे शेगडीजवळ वाळवतो आणि अर्ध्या तासात आणून देतो. तो म्हणाला, सावकाश ये. तुझं पार्सल आलंय संध्याकाळी, ते आधी उघड. उघडलं. तिळगूळ होता. आणि पत्र, मुलगी झाली म्हणून. चार वेळा वाचलं. तिळगूळ खाल्ला. शेगडीची ऊब होती… डोळा लागला."

"मग?"

"चारला जाग आली."

त्यांनी मोज्यांची लोकर अंगठ्याने चाचपली.

"दहा पावलांवर होतो मी. एक हाक मारली असती… मारली नाही त्याने. मला पत्र वाचू दिलं. जागेवरच होता. उकिडवा, बंदुकीला टेकून. मोजे माझ्याकडे. वाळलेले, गरम. तेव्हापासून दर साल आजच्या रात्री दोनला हे हातात घेऊन उभा राहतो. पंचवीस वर्षं झाली. कुणी येत नाही."

धनेशने घड्याळ पाहिलं. एक पन्नास.

निशांतला फोन लावला. रेंज नाही.

त्याच्या लक्षात आलं, बराच वेळ काही ऐकू येत नाहीये. रस्त्यावरच्या ट्रेलरची घरघर बंद. यार्डातली कुत्री गप्प. थंडी एकदम वाढली. आपल्याकडची नव्हे. हाडात शिरणारी.

एक अठ्ठावन्न.

कंटेनरच्या रांगांमधून आवाज आला. पावलांचा. पण खडीवरचा नाही. धनेश म्हणाला, फ्रीजमधला बर्फ दाताखाली चावावा, तसा.

कच्च… कच्च…

जयदेव ताठ झाले. छातीवरचा हात खाली आला.

"थम! कौन आता है?"

पावलं तशीच येत राहिली.

कच्च… कच्च…

यार्डातला मोठा दिवा लख्ख पेटलेला होता. त्या उजेडात माणूस नव्हता. सावलीही नव्हती. जयदेवांच्या तोंडातून वाफ निघत होती. आणि समोर, चार हातांवर, तेवढ्याच उंचीवर… दुसरी वाफ. निघत होती. विरत होती. पुन्हा निघत होती.

पावलं थांबली.

"पंढरी," जयदेव म्हणाले. "उशीर झाला रे."

मोजे दोन्ही हातांवर ठेवून त्यांनी पुढे धरले. देवापुढे ताट धरावं तसे.

धनेशच्या डोक्यात एकच. अर्पिताला शब्द दिलाय. घेऊन यायचंय. कसंही करून इथून न्यायचंय. आणि तो ओरडला,

"मामा, चला ना! तुमची बदली मी! मी उभा राहतो हितं!"

जयदेवांनी मान वळवली. एवढा वेळ घाबरले नव्हते. आता घाबरले.

"असं बोलू नका, जावईबापू… शब्द परत घ्या…"

ती दुसरी वाफ… तीही वळली. धनेशकडे.

किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही. तोंड उघडत होता. आवाज फुटत नव्हता.

मग वाफ नव्हती.

जयदेवांचे हात तसेच पुढे धरलेले. रिकामे. ते गेटच्या खांबाला पाठ लावून हळूहळू खाली बसले. धनेश धावला तेव्हा संपलं होतं. चेहरा शांत, दोन वाजून गेल्यावर झोपायचे तसा. मोबाईलवर दोन वाजून तीन मिनिटं झालेली. रस्त्यावर ट्रेलर पुन्हा घरघरत होते. अँब्युलन्स पावणेतीनला आली. तिच्या मागोमाग निशांत आला, माफी मागत, रडत.

मोजे शोधले. केबिनमध्ये, खडीत, त्यांच्या अंगाखाली. सापडले नाहीत.

अर्पिता फार रडली नाही. दहाव्याला एवढंच म्हणाली, "आणतो म्हणाला होतास ना?"

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. असेलच. पण त्या रात्रीपासून धनेशला दोन वाजेपर्यंत झोप येत नाही. पहाटे मार्केटला जायचं असलं तरी नाही. पडून राहून पाहिलं, गोळ्या घेऊन पाहिल्या. शेवटी गॅलरीत जाऊन उभा राहतो. अर्पिता आतून त्याची पाठ पाहते. हे तिला नवं नाही.

यंदाच्या संक्रांतीलाही तो तसाच उभा होता. दोन वाजले. खाली त्याचा टेम्पो लावलेला, त्याच्या आतला दिवा लागला. दारं बंद, किल्ली याच्या खिशात. तो जिना उतरून गेला. कुलूप काढलं.

ड्रायव्हरच्या सीटवर ते मोजे होते. नीट, जोडीने ठेवलेले. वरून पांढरट दिसत होते. त्याने बोट लावलं तर पाणी झालं.

घालू नये म्हणत होता, तरी त्याचा हात मोज्यात गेला.

आतून ते गरम होते.