हात न्हाई

ही ऐकीव गोष्ट नाही. अर्धी माझ्या सख्ख्या बहिणीने डोळ्यांनी पाहिली, उरलेली अर्धी मी. कारखान्याचं नाव देत नाही, कारण तिथे आजही तीन शिफ्ट चालतात. बाकी माझ्याकडून एक शब्दही वाढवलेला नाही.

रात्र नव्हती. गेल्या वर्षीचा ऑगस्ट, गुरुवार, दुपारचे पावणेतीन. चाकणजवळ महाळुंग्याच्या रस्त्यावरचं एक प्रेस शॉप. गुरुवार सुट्टीचा, म्हणून मशीन सगळी बंद. जिथे रोज शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, तिथे पत्र्यावर चालणाऱ्या कबुतराची नखं ऐकू येत होती.

आत तिघे होते. माझी बहीण निलोफर. मेंटेनन्सचा धम्मपाल. आणि गोरक्ष, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं.

पण आधी जूनमध्ये काय झालं ते सांगायला हवं.

त्या प्रेसवर दोन माणसं लागतात. एक पुढे, एक मागे. मध्ये दोनशे टनांचं धूड, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. पुढचा माणूस साच्यात पत्रा ठेवतो, हात बाहेर काढतो आणि शेजारच्या स्क्रीनवर 'तयार' दाबतो. मागचा दोन्ही हातांनी दोन बटणं दाबतो. दोन्हीकडून होकार मिळाला की प्रेस उतरतो.

आणि त्यांची एक बोली होती. मागचा विचारायचा, "हात?"

पुढचा म्हणायचा, "न्हाई."

म्हणजे आत हात नाही. दाब.

दिवसाला हजार-बाराशे वेळा. तोंडाला इतकी सवय की घरी बायकोने जेवताना "हात धुतले?" विचारलं तरी "न्हाई" निघायचं.

पुढे दत्तोबा उभा राहायचा, वय बावन्न. मागे गोरक्ष, सव्वीस वर्षांचा, खेडकडच्या शेतकरी घरातला. वेळ वाचावा म्हणून मागचे सगळेच बटणं आधीपासून दाबून धरतात. गोरक्षही धरायचा.

जूनच्या नऊ तारखेला, सकाळी शिफ्ट बदलल्यावर चौथ्या मिनिटाला, दत्तोबाचे दोन्ही हात साच्यात असताना प्रेस उतरला.

मनगटापासून दोन्ही गेले.

दत्तोबा ओरडला. "हात न्हाई... हात न्हाई..."

मागे गोरक्षने एवढंच ऐकलं. न्हाई.

त्याने बटणं सोडली आणि पुन्हा दाबली.

दुसऱ्यांदा प्रेस उतरला तेव्हा दत्तोबा आत वाकलेला होता. हात शोधत होता.

बातमीसाठी मी त्या दिवशी घटनास्थळी गेलो होतो. जे पाहिलं ते बातमीत लिहिलं नाही, इथेही लिहीत नाही. साचा धुवायला दोन टँकर लागले.

मालकांचं म्हणणं, दत्तोबानेच 'तयार' दाबलं आणि गोरक्षने न बघता बटणं दाबली. गोरक्षवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. तो जामिनावर बाहेर आला, पण बोलणं बंद झालं. वडील गेनबा एकदा मला म्हणाले, "पोरगं रातचं उठून भिताडाला इचारतंय, हात? भिताडानं काय सांगावं, साहेब?"

योगायोग असा की त्या स्क्रीनवर चालणारा ब्राउझर निलोफरच्या कंपनीचा होता. रहाटणीत त्यांचं ऑफिस आहे. आपण मोबाइलवर इंटरनेट बघायला वापरतो तोच ब्राउझर, कारखान्यासाठी काटछाट केलेला. माणूस कार्ड लावतो, त्याचं पान उघडतं. शिफ्ट संपली की पान बंद, दुसऱ्याचं पान उघडतं.

निलोफरने नऊ जूनच्या नोंदी काढल्या. चार रात्री ती झोपली नाही. पाचव्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाली, "भाई, दत्तोबाने काही दाबलंच नव्हतं."

"मग?"

"महाळुंग्याला पोरं कॉटवर राहतात ना? एकच कॉट, दिवसा एक झोपतो, रात्री दुसरा."

"हो. मी बातमी केली होती."

"मग तसंच समज. समज, एकाने उठवणाऱ्याला सांगून ठेवलं, मला सातला हलव. आणि तो सहालाच खोली सोडून गेला. त्या कॉटवर नवीन माणूस येऊन झोपला. सातला उठवणारा येतो. तो तोंड बघत नाही, कॉट बघतो. झोपलेल्याला हलवतो."

"आणि?"

"मेमरीचं तसंच आहे. आधीच्या शिफ्टवाल्याचं पान बंद झालं, जागा मोकळी झाली. तिथेच दत्तोबाचं पान आलं. पण जुन्या पानाने लावलेला एक गजर जागा होता. त्याच्याकडे जुना पत्ता होता. तो चौथ्या मिनिटाला त्या पत्त्यावर गेला आणि जे सापडलं त्याला 'तयार' करून आला. ते 'तयार' तसंच अडकून राहिलं, म्हणून दुसऱ्यांदाही प्रेस उतरला."

मी विचारलं, "हे कोर्टात टिकेल?"

"चूक पुन्हा घडवून दाखवली आणि दुरुस्तीने ती थांबली, तर टिकेल. गोरक्ष सुटेल."

म्हणून तो गुरुवार.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. एक, जागा मोकळी करताना गजराच्या हातातला पत्ताच पुसायचा. दुसरा, जोवर कुणीतरी, म्हणजे गजर किंवा दुसरं काही, पान धरून आहे तोवर ते मोकळंच करायचं नाही. पहिला बरोबर, पण वेळखाऊ. सोमवारी पोलिसांना अहवाल द्यायचा होता. निलोफरने दुसरा घेतला.

धम्मपालने मेन स्विच पाडला, कुलूप लावलं, चावी खिशात टाकली. स्क्रीनला वेगळी लाइन होती, तेवढीच चालू ठेवली. प्रेस वर थांबलेला. मोटर थंड.

"आता हे धूड मेलेलं समजा, मॅडम," धम्मपाल म्हणाला. "ह्याच्या बापाच्यानं खाली येणार नाही."

आधी जुन्या ब्राउझरवर चूक घडवली. तिसऱ्याच खेपेला स्क्रीनवर कुणी हात न लावता 'तयार' हिरवं झालं.

गोरक्ष बघत होता. तो मटकन खाली बसला. "म्हंजी म्या न्हाई मारला?"

"पहिला वार तुझा नव्हता," निलोफर म्हणाली.

दुसऱ्या वाराबद्दल कुणी बोललं नाही.

मग तिने दुरुस्त केलेला ब्राउझर चढवला. दोनशे वेळा कार्ड लावलं, काढलं. 'तयार' एकदाही आपोआप आलं नाही. काम झालं होतं.

शेवटची तपासणी म्हणून तिने मेमरीत जिवंत असलेल्या पानांची यादी मागवली. प्रत्येक पानापुढे, निलोफरच्या भाषेत, ते किती हातांनी धरून ठेवलंय तो आकडा येतो. यादीत एकच पान असायला हवं होतं. तिचं स्वतःचं.

यादीत दोन होती.

दुसरं पान... टोकन ४१७. दत्तोबा. धरणारे: दोन.

जूनपासून ती स्क्रीन कितीतरी वेळा बंद-चालू झाली होती. बंद केलं की मेमरीत काही उरत नाही. ते पान तिथे असूच शकत नव्हतं.

"ही नोंद कुठून आली?" ती धम्मपालला म्हणाली. "कोण धरून बसलंय हे?"

"काय झालं, ताई?" गोरक्षने विचारलं.

तिने सांगितलं नाही. उलट विचारलं, "त्या दिवशी दत्तोबा नेमके कुठे उभे होते?"

ती म्हणते, हा प्रश्न विचारला नसता तर.

गोरक्ष उठला. प्रेसच्या पुढच्या बाजूला गेला. "हितं. असं वाकून." आणि दाखवता दाखवता त्याने दोन्ही हात साच्यात ठेवले.

"गोरक्ष, हात काढ राव," धम्मपाल म्हणाला. "बंद असलं म्हणून काय झालं."

तेव्हा पत्र्यावरची कबुतरं उडाली. सगळी एकदम.

आणि मग... प्रेसच्या मागून... जिथे जूनमध्ये गोरक्ष उभा होता आणि आता कुणीच नव्हतं, तिथून आवाज आला.

"हात?"

साधा आवाज. कामातला. कंटाळलेला.

धम्मपालनेही तो ऐकला. त्याने तसा जबाब दिला आहे.

 हात ओढायला गोरक्षला पुरेसा वेळ होता, असं निलोफर म्हणते. पण आधी तोंड उघडलं. सहा वर्षं त्या प्रश्नाला त्याने हेच एक उत्तर ऐकलं होतं.

तो म्हणाला, "न्हाई."

प्रेस उतरला.

मोटर बंद, मेनला कुलूप, चावी धम्मपालच्या खिशात. दोनशे टन उतरले आणि तिथेच बसले. रक्त निलोफरच्या चष्म्यावर उडालं. हाडं फुटल्याचा आवाज तिला ओल्या लाकडासारखा वाटला. गोरक्ष ओरडत नव्हता. तो साच्याला टेकून उभा होता, कोपरापासून पुढे अडकलेला.

धम्मपालने कुलूप उघडलं. प्रेस वर घ्यायला अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ निलोफरने गोरक्षला कमरेला धरून उभं ठेवलं. त्याच्या खांद्यावरून तिला स्क्रीन दिसत होती. यादी उघडीच होती.

टोकन ४१७. दत्तोबा.

धरणारे... चार.

पिंपरीच्या एका रुग्णालयात गोरक्षवर शस्त्रक्रिया झाली. दोन्ही हात कोपराच्या खाली काढले. जीव वाचला. शनिवारी सकाळी डॉक्टर मला म्हणाले, धोका टळला, आठवड्यात घरी पाठवू.

मी त्याच्या शेजारी बसलो होतो. गेनबा खालून चहा आणायला गेले होते. गोरक्ष शुद्धीवर होता.

"भाऊ, हात गेल्यात, ठावं हाय मला," तो म्हणाला. "पन कुनीतरी धरल्यात."

"असं वाटतं. डॉक्टर म्हणाले, अवयव गेला तरी जाणीव राहते."

"जाणीव वढती व्हय?" त्याच्या बँडेजच्या टोकांकडे मी पाहिलं. दोन्ही एकाच दिशेला ताणलेली होती. पलंगाच्या पायथ्याकडे. "सारखं वढतंय, भाऊ. रातभर."

मी विषय बदलला. अहवाल तयार आहे, पहिला वार मशीनचा होता हे सिद्ध झालं, केस टिकणार नाही, असं सांगितलं.

"म्हंजी सुटन मी?"

"सुटशील."

त्याच वेळी रहाटणीत निलोफर दुसरी दुरुस्ती पूर्ण करत होती. या वेळी बरोबर मार्गाने. धरणारा कुणीही असो, पान बंद झालं की त्याच्या हातातला पत्ता पुसायचा आणि जागा मोकळी करायची. तिने ऑफिसातून ती त्या स्क्रीनवर चढवली. यादी मागवली. टोकन ४१७ नव्हतं. धरणारे शून्य. तिने मला मेसेज केला, "सोडलं, भाई." अकरा वाजून चार मिनिटं.

मेसेज वाजला तेव्हा मी गोरक्षकडे बघत होतो. ताणलेले दोन्ही हात एकदम गादीवर पडले. दोर कापल्यासारखे.

त्याचा चेहरा सैल झाला. जूनपासून मी तो तसा पाहिला नव्हता.

"सुटलं," तो म्हणाला.

पुढचा श्वास आला नाही.

डॉक्टर धावले, वीस मिनिटं छाती दाबत होते. रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असावी, म्हणाले. गेनबा चहाची किटली धरून दारात उभे राहिले. कुणी काही सांगायच्या आत म्हणाले, "सुटला माझा ल्योक." आपल्याकडे म्हणतातच तसं. त्यांना दुसरं काही म्हणायचं नव्हतं.

गुन्हा मागे घेतला गेला. ती दुरुस्ती आता कंपनीच्या सगळ्या स्क्रीनवर आहे. चूक पुन्हा झालेली नाही. निलोफरला बढती मिळाली, पण ती चाकणला जात नाही. चष्मा बदलला तरी दर थोड्या वेळाने काचा पुसते.

महिन्याभराने तिने मला विचारलं, "भाई, गोरक्ष किती वाजता गेला?"

"बाराच्या सुमारास," मी म्हणालो. "नेमकं बघितलं नाही."

एकोणीस वर्षं मी अपघाताच्या बातम्या लिहितो. तिला माहीत आहे, मी वेळ बघितली नाही असं कधी होत नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग फोन उचलला, आमचा जुना मेसेज उघडला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.