बोट उचलू नकोस

त्या रात्री त्याला फक्त पंप तपासून घरी जायचं होतं. अर्ध्या तासाचं काम. डिसेंबरातला दुसरा शनिवार, नऊ वाजून गेलेले. पुढे जे झालं ते त्या अर्ध्या तासात मावलं नाही, म्हणून तर तुम्हाला सांगायला बसलोय. ती बॅटरी विझव गं आधी. गोष्ट कानांनी ऐकायची असते.

भूत असतं की नसतं, ते मला विचारू नका. मी जन्मभर आवक-जावकचा कारकून. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा. आतला मजकूर खरा की खोटा, ते साहेबांनी बघायचं. ही गोष्ट ज्याच्यावर गुदरली त्याच्याच तोंडून माझ्याकडे आवक झाली. मी शिक्का मारून पुढे पाठवतोय, बस.

आमच्या संस्थेत तळमजल्यावर कचेरी आणि तिसऱ्या मजल्यावर ती प्रयोगशाळा. सर्जन लोक तिथे शस्त्रक्रियेचा हात बसवायला यायचे. जिवंत माणसावर शिकायचं म्हणजे पंचाईत. चुकलं तर नातेवाईक जाब विचारतात. म्हणून देहदान केलेल्यांवर शिकायचं. त्यांचा स्वभाव सोशिक.

तिथला तंत्रज्ञ म्हणजे हा. सगळे त्याला सांगकाम्या म्हणायचे, आणि सांगितलेलं काम चोख करणाऱ्याला आपल्याकडे हेच बक्षीस मिळतं. शीतगृहातून देह काढायचा, धुवायचा, टेबलावर घ्यायचा, चादरी घालायच्या, हत्यारं मांडायची. जिवंत माणसांशी बोलणं बेताचंच. मृतांशी मात्र बोलायचा. हात लावण्याआधी सांगायचा, "मावशी, कुशीवर घेतोय हं." पुरुष असला तर "काका". एका सर्जननं एकदा चेष्टा केली, "काय रे, उत्तर देतात का तुझे पाहुणे?"

हा म्हणाला, "नाही साहेब. पण मधे तोंड तरी घालत नाहीत."

घरी म्हातारे वडील. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. आई कधीच वारली होती आणि याचं लग्न झालं नव्हतं. शेजारचे एक निवृत्त ड्रायव्हरकाका दिवसभर वडिलांपाशी बसायचे. दहाच्या ठोक्याला उठायचे, बाहेरून कडी लावायचे आणि आपल्या घरी झोपायला जायचे. तोवर हा पोचलेला असायचा. दुसऱ्या शहरात चांगली नोकरी चालून आली होती, ती यानं सोडली. म्हातारा कुठे हलणार? मला म्हणायचा, "दोन टेबलांच्या मधे अडकलोय बघा. इथेही माणूस आडवा, तिथेही आडवा. इथेही चादर बदलायची, तिथेही. उत्तर कुणीच देत नाही."

आता पंप कशाला, ते सांगतो. रक्त वाहिलंच नाही तर ते थांबवायला शिकणार कसं? म्हणून देहाच्या रक्तवाहिन्यांत लाल पाणी भरायचं आणि पंपानं ते खेळवायचं. ठोके पडल्यासारखं. कापलं की चिळकांडी उडायची. शिकाऊ सर्जन घाबरून चिमट्यानं चाचपडायला लागला, की तिथले मोठे सर असे ओरडायचे की खाली माझा शिक्का हलायचा. "चिमटा टाक! बोट ठेव! आणि ठेवलं की ठेवलं. मी 'उचल' म्हणेपर्यंत उचलायचं नाही. छताला आग लागली तरी नाही!"

दुसऱ्या दिवशी रविवारी परीक्षा होती. बाहेरून सर्जन येणार होते आणि देह एकच. लहानखुरी म्हातारी, बोटं तर लहान पोरीएवढी. सांगकाम्यानं नेहमीप्रमाणे तिची मावशी केली होती.

पंपापाशी दोन माणसं हवीत असा नियम. दुसरी जागा कैक वर्षं रिकामी. कागदावर मात्र दोघे होते. कागदावरच्या माणसाला भूक लागत नाही, रजा लागत नाही, म्हणून तो कायम हजर.

आणि त्या रात्री याला घाई होती. आदल्या दिवशी शिकाऊ पोरांनी मावशीच्या मांडीतली मोठी रक्तवाहिनी उघडून परत शिवली होती. पंप लावण्याआधी जुने टाके बघायचे, हा या कामातला पहिला धडा. तो नेमका चुकला. "मावशी, पंप लावतोय," असं सांगायचंही राहिलं. भिंतीवरचं बटण दाबलं, टेबलाच्या दुसऱ्या अंगाला येऊन उभा राहिला, आणि मांडीवरची चादर भराभर लाल होत गेली.

चादर उचलली. टाका सुटला होता. पाण्याची धार थेट तोंडावर. वर्षानुवर्षं सरांचं ओरडणं ऐकलेला माणूस. विचार करायच्या आत त्याचं बोट तिथे जाऊन बसलं.

धार थांबली.

मग विचार आला. चिमट्यांचा ट्रे टेबलापलीकडे, सर्जनच्या बाजूला. तिथेच मांडायची शिस्त यानंच घातलेली. पंपाचं बटण भिंतीवर. बोट इथे. डावा हात ट्रेकडे ताणून बघितला. वीतभर कमी पडला. पाय ताणून बघितला. तोही कमी पडला. बोट उचलावं तर सगळं लाल पाणी चादरीत, तारांत, टेबलाखालच्या यंत्रात. उद्याची परीक्षा बुडाली, आणि नोकरीही.

"म्हणजे तो नुसता बोट घालून उभा?" भाचीबाईंना हसू आलं का? हसा. दुसऱ्या कुणावर ही वेळ आली असती तर तोही हसला असता.

त्यानं पहारेकऱ्याला हाका मारल्या. पहारेकरी खाली फाटकापाशी. तिसऱ्या मजल्यावर तो दिवसाढवळ्याही पाऊल ठेवायचा नाही. म्हणायचा, "वर चोर शिरला तर त्याचं तो बघून घेईल."

दाराजवळच्या खुंटीवर याचा कोट होता. कोटात फोन. तो वाजायला लागला. ड्रायव्हरकाकाच असणार. अरे, कुठे राहिलास, दहा वाजले, मी निघतो... वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद झाला. आता काकांनी बाहेरून कडी घातली असणार. आत म्हातारा एकटा. रात्री एकदा पाणी लागतं त्याला. हाक मारता येत नाही.

उद्याची परीक्षा गेली खड्ड्यात, म्हणून यानं मनाशी ठरवलं. तीन म्हणायचं आणि बोट उचलून बटणाकडे धावायचं. एक... दोन...

दिवे गेले.

पंपाची घरघर खाली खाली येत थांबली. जनित्र होतं, पण ते फक्त शीतगृहासाठी. कुणाला आधी थंडावा द्यायचा हे संस्थेनं नीट ठरवलेलं होतं. दारावर बाहेर जायच्या खुणेचा एक बारीक हिरवा दिवा तेवढा राहिला.

त्याला हायसं वाटलं. पंप बंद, दाब बंद. सुटलो. आता बोट उचलायला हरकत नाही.

आणि बोटाखाली... ठोका पडला.

"पाइपात उरलेला दाब असेल, मामा."

असेल. अगदी हेच त्यालाही वाटलं. उरलेला दाब संपेपर्यंत थांबू, म्हणून तो थांबला. दुसरा ठोका पडला. तिसरा. संथ. बारीक. पण एकसारखा. म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा. वडिलांची नाडी तो रोज बघायचा. त्याला ती चाल ओळखीची होती.

शीतगृहातून काढलेला देह कितीही वेळ बाहेर ठेवा, हाताला गारच लागतो. त्याच्या बोटाखाली आता ऊब होती. हातमोज्यातून कळत होती.

फोन वाजला.

बोटाखालचे ठोके धावायला लागले.

त्याला राहवलं नाही. त्यानं बोट उचललं. अगदी तीळभर. कढत काहीतरी मनगटावरून ओघळलं... आणि टेबलाच्या वरच्या टोकाला, चादरीखाली, कुणीतरी श्वास आत ओढला.

त्यानं बोट दाबलं.

शांत.

फोनही थांबला.

तो ओरडला नाही. ओरडून येणार कोण? आणि आलंच कुणी, तर ते कोण असेल... त्यानं जाणूनबुजून वर पाहिलं नाही. हिरव्या दिव्याकडे पाहत राहिला. दार दिसत होतं. दाराला कडी नव्हती. कुलूप नव्हतं. दहा पावलांत बाहेर. त्याला कुणीही धरलेलं नव्हतं, लक्षात घ्या. धरलं होतं ते त्यानंच.

बऱ्याच वेळानं त्याला आवाज फुटला. "मावशी..."

काही नाही.

"मावशी, मला घरी जाऊ द्या. वडील एकटे आहेत."

फक्त एक ठोका चुकला. मग पुढचा आला.

"मावशी, तुम्ही तर... आता तुम्हाला काय होणार आहे? मी बोट काढलं तर काय होणार आहे?"

मेलेल्या माणसाला मरणाची भीती कसली? हे त्याला कळत होतं. बोटाला कळत नव्हतं. तीनदा त्यानं मनाचा हिय्या केला. तीनदा ठोके धावले. तीनदा त्यानं बोट होतं तिथेच घट्ट केलं. डोळ्यांपुढे म्हातारा. घशाला कोरड पडलेला, बाहेरून कडी घातलेल्या खोलीत. आणि बोटाखाली ही. एकाला सोडल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचं कसं? तो रडला. सांगताना लाजला नाही, म्हणून मीही सांगतो.

पाय बधिर झाले. मग हात. मग बोट आपलं आहे की नाही, तेही कळेना. फक्त ठोका कळत होता.

फोन परत वाजला नाही.

खिडकीची काच काळ्याची करडी होत आली तेव्हाची गोष्ट. हे तो एकदाच बोलला आणि पुन्हा कधी विचारलं तर विषय बदलायचा. अगदी कानाशी, थकलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"उचल आता, बाळा."

त्यानं उचललं.

एक थेंब आला नाही. मांडी गार. दगडासारखी. दिवे आले आणि पंप आपोआप घरघरायला लागला. त्यानं बटण बंद केलं की नाही, त्याला आठवत नाही. कोट खुंटीवरच राहिला. तो पळत सुटला.

घराला बाहेरून कडी तशीच होती. काकांनी घातलेली.

आत वडील जमिनीवर पडलेले. पाण्यासाठी वळले असतील, पलंगावरून खाली आले, बरोबर औषधाची बाटली आली. काच फुटली आणि मांडीत घुसली, वरच्या बाजूला, आतल्या अंगाला. चांगला हात, तो डावा, अंगाखाली अडकलेला. उजवा तर मेलेलाच. फरशीवर रक्त होतं. पण ओंजळभर. आणि म्हातारा टक्क जागा होता.

दवाखान्यात डॉक्टरनं जखम साफ केली, बराच वेळ पाहिली आणि चष्मा काढला.

"कधी लागलं हे?"

"रात्री. नक्की माहीत नाही."

"मोठी रक्तवाहिनी कापली आहे. हा माणूस चार-पाच मिनिटांत जायला हवा होता. दाबून कुणी धरलं?"

"मी," सांगकाम्या म्हणाला. काय बोललो, ते त्याला बोलल्यावर कळलं.

"रात्रभर?"

"हो."

डॉक्टरनं त्याच्या हाताकडे पाहिलं. सांगकाम्या आडदांड माणूस, प्रयोगशाळेतले मोठ्यात मोठे हातमोजे त्याच्या पंजावर फाटायचे. मग डॉक्टरनं जखमेकडे पाहिलं. पुन्हा हाताकडे पाहिलं. आणि चष्मा लावून टाके घालायला घेतले.

म्हातारा वाचला. पुढे कैक वर्षं जगला. जखम भरून आली, व्रण पुसट झाला. पण व्रणाच्या मधोमध एक खळगा राहिला. खूप वेळ काही दाबून धरल्यावर मांसात राहतो तसा. बोटाच्या टोकाएवढा, आणि एका कडेला नखाची बारीक कोर. तो कधीच भरला नाही.

मी पाहिलाय तो. शेवटच्या दुखण्यात म्हाताऱ्याची चादर बदलायला हात लावला होता मी. सांगकाम्यानं आपलं बोट त्यावर ठेवून दाखवलं. बसलं नाही. निम्मंसुद्धा नाही.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, म्हणून मी करंगळी लावली...

तीही बसली नाही.