धुमाळांच्या कानातला आवाज

निःशब्द कक्षाचं जाड दार बंद झालं की वैजयंती देवस्थळीला बरं वाटे. जव्हारच्या पठारावरच्या श्रवण संशोधन केंद्रातली ही खोली इतकी शांत होती, की स्वतःच्या मानेतलं रक्त वाहताना ऐकू येई. तिचा नवरा अनंत गेल्याला तीन वर्षं झाली होती. घरातली शांतता तिला खायला उठे. इथली निदान कामाची होती.

काचेपलीकडे रंगनाथ धुमाळ बसले होते. साखर कारखान्यातले निवृत्त फोरमन. अकरा वर्षांपूर्वी मेंदूज्वरात ठार बहिरे झाले, आणि चारच महिन्यांत त्यांची बायको पारूबाई गेली.

"हवेतून आवाज दिला, प्रतिसाद शून्य," तिचा सहकारी डॉ. इरफान मुकादम तक्ते चाळत म्हणाला. "कानामागच्या हाडाला कंपनं दिली, तरी शून्य. म्हणजे पडद्याचा किंवा मधल्या कानाचा दोष नाही. आतल्या कानातल्या शंखाच्या पेशीच मेल्या असणार."

"त्या ठणठणीत आहेत. निरोगी शंख स्वतःही बारीक आवाज काढतो. यांचा तो आवाज, कर्णस्वन, उत्तम आहे. मेंदूकडे जाणारी नस तेवढी निकामी झालीय."

तिनं नवा स्वनग्राहक, म्हणजे बारीकसा मायक्रोफोन, धुमाळांच्या कानात बसवला. जुन्या यंत्रांहून तो लाखपट तीक्ष्ण होता. दोघांनी कानांवर चढवलेल्या कर्णध्वनीत, म्हणजे हेडफोनमध्ये, आधी नुसती खरखर आली, मग स्पष्ट बाईमाणसाचा आवाज: "अहो, दोन घास खाऊन घ्या. कारखाना काय पळून जातोय?"

इरफानच्या हातातले तक्ते खाली पडले.

"मेंदूकडून कानाकडे येणारे नसांचे धागेही असतात," वैजयंती सावकाश म्हणाली. "ते शाबूत आहेत. यांना जे आठवतं, ते यांचा कान बोलतो."

तिनं कानातून ऐकलेलं ते वाक्य पाटीवर लिहून दाखवलं. धुमाळांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "पारूच ती," ते म्हणाले. "माझी जेवायची वेळ झाली की आठवते."

आणखी एक गंमत निघाली. वैजयंती पाटीवर लिही, धुमाळ मनात वाचत, आणि तिचेच शब्द पारूबाईच्या आवाजात तिला ऐकू येत.

"तुमचा आवाज मी कुठं ऐकलाय, बाई?" धुमाळ म्हणाले. "आमच्यात वाचायचं काम तिचंच. मनातही तीच वाचते."

आठ महिने ती तो आवाज ऐकत होती. दिवसभरात तिच्याशी एवढं बोलणारं दुसरं कुणी नव्हतंच. मधल्या काळात धुमाळांच्या मेंदूत श्रवणरोपण बसवायचं ठरलं. त्यानं निकामी नसेला वळसा घालून आवाज थेट मेंदूत पोहोचणार होता.

एका दुपारी तिला राहवलं नाही. स्वनग्राहक तिनं स्वतःच्या कानात बसवला, डोळे मिटले, आणि अनंत रोज दारात म्हणायचा ते वाक्य आठवलं.

"वैजू, किल्ली घेतलीस का?"

शब्द अनंतचे होते, आवाज पारूबाईचा.

"आठवणीतला आवाज दगडावर कोरलेला नसतो," इरफान चाचरत म्हणाला. "जे जास्त ऐकावं, ते त्यावर चढत जातं. धुमाळांचा ताजा राहिला, कारण अकरा वर्षं वरून काही पडलंच नाही."

"म्हणजे रोपण केलं की..."

"आपल्याकडे पारूबाईंच्या आवाजाची नोंद आहे ना, ताई? ती त्यांना ऐकवू."

"तीच सगळ्यांत घातक. रोपणातून तो आवाज पत्र्यासारखा पोहोचेल आणि मूळच्या जागी जाऊन बसेल."

दुसऱ्या दिवशी तिनं पाटीवर सगळं लिहिलं. धुमाळ वाचू लागले, आणि तिच्या कानात पारूबाई बोलू लागली: "ऑपरेशन केलंत तर तुमच्या पत्नीचा आवाज हळूहळू पुसला जाईल." वैजयंतीनं कर्णध्वनी काढून ठेवला.

धुमाळांनी हातानं पाटी पुसली.

"करा ऑपरेशन," ते म्हणाले. "अकरा वर्षं एकटी बोलतेय बिचारी. थकली असेल."

ऑपरेशननंतर ते दर आठवड्याला सरावाला येत. ती मोठ्यानं वाचून दाखवी, ते ओळखून सांगत. गावी त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तास संपला तरी बसून राहत. तीही घरी जायची घाई करत नसे.

पाच महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. तिनं रोपण बंद केलं, स्वनग्राहक लावला आणि पाटीवर लिहिलं: "आज कसं वाटतंय?"

धुमाळांनी वाचलं. कर्णध्वनीत प्रश्न उमटला. आवाज थोडा पत्र्याचा होता, पण अडखळत शब्द टाकायची लकब ओळखीची. तो तिचा स्वतःचा आवाज होता.

तिचा हात पाटीवरच राहिला. कुणाच्या तरी डोक्यात आपला आवाज घर करून आहे, ही गोष्ट तिला किती वर्षांनी कळत होती! आणि ते घर दुसरीचं होतं.

तिनं रोपण पुन्हा चालू केलं.

"आहे का हो ती अजून?" धुमाळांनी विचारलं. "मला तर वाचताना तीच वाटते. पण खात्री तुम्हालाच."

वैजयंतीनं त्यांच्याकडे पाहिलं.

"आहेत," ती म्हणाली.

धुमाळ समाधानानं हसले. क्षणभरानं त्यांच्या कानातून, तिच्याच आवाजात, तो शब्द परत आला: "आहेत."