आक्कांच्या रिपोर्टातला आकडा

"माझ्या आईला मारलं," अभिराम खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला. त्याची आई, आक्का, जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्याच्या डोक्यावर केस नुकते उगवू लागले होते.

संयोगिता राजारामपुरीत खाजगी तपासाची कामं घेई. तिचा मदतनीस सयाजी, निवृत्त कंपाउंडर, कोपऱ्यातून पुढं सरकला.

अभिरामनं दोन कागद ठेवले. लॅबच्या मशीनमधून निघालेल्या चिठ्ठीवर आक्कांचं पोटॅशियम ६.८ होतं. छापील रिपोर्टावर ४.१.

"सहा पॉइंट आठ म्हणजे काळीज कधी बंद पडंल सांगता येत न्हाय," सयाजी पुटपुटला.

"डॉक्टरांनी रिपोर्ट बघून घरी पाठवलं. पहाटे गेली." अभिरामचा आवाज फुटला. "लॅबमधल्या भैरवीनं आकडा बदलला. मालकांनी तिला काढूनही टाकलंय."

"रिपोर्ट छापणारा प्रोग्राम कुणाचा?"

"माझा. पायथन भाषेत लिहिलाय. मशीनशी बोलायला मशीनच्या कंपनीनं दिलेली सी भाषेतली लायब्ररी, म्हणजे त्यांचा तयार कोड, वापरतो. दोन वर्षं तक्रार नाही."

भैरवी हुपरीत सापडली. आईशेजारी बसून ती पैंजणाच्या कड्या जुळवत होती. डोळे सुजले होते.

"मी नळ्या लावतो आन् बटण दाबतो, मॅडम. आकडा टाइप करायला जागाच न्हाय."

"काही वेगळं दिसलं होतं?"

"दोन-दोन पेशंटचे आकडे सारखे यायला लागलेले. फोन करून सांगितलं की. योगायोग आसंल म्हणाले, आन् ठिवला फोन."

मालकालाच केला असणार, सयाजीला वाटलं.

लॅबचे मालक विजयसिंह चिडलेलेच होते. "मशीनला तिच्याशिवाय हात लावतो कोण?"

"गेल्या महिन्यात काही बदललं?"

"उलट कामाचा वेग वाढला! आधी एक तपासणी झाली की तिचा रिपोर्ट छापायचा, मग दुसरी. आता दोन तपासण्या झाल्या की दोन्ही एकदम निघतात."

संयोगितानं महिन्याभराच्या चिठ्ठ्या आणि लायब्ररीची माहितीपुस्तिका मागून घेतली. आक्कांच्या मागोमाग सम्राट नावाच्या पोराची तपासणी होती. चिठ्ठीवर ४.१. रिपोर्टावरही ४.१.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सगळ्यांना लॅबमध्ये बोलावलं.

"आकडा कुणीही बदलला नाही," ती म्हणाली. "पायथन आपली मेमरी आपणच सांभाळतो, त्यामुळं लिहिणारा निर्धास्त असतो. सी लायब्ररीचं तसं नाही. ती आकडा हातात देत नाही; मेमरीत कुठं ठेवलाय तो पत्ता देते. जागा तिचीच. पुस्तिकेत लिहिलंय, पुढची तपासणी होईपर्यंतच आकडा तिथं राहील, हवा असेल तर नक्कल करून घ्या."

अभिरामचा चेहरा पांढरा पडला.

"पण दोन वर्षं बरोबर चाललं की!" सयाजी म्हणाला.

"कारण लगेच छापलं जायचं. महिन्यापूर्वी दोन रिपोर्ट एकत्र छापायला लागले. प्रोग्रामनं आक्कांचा आकडा नाही, पत्ता जपला. सम्राटची तपासणी झाली, त्याच जागी त्याचा आकडा बसला. मग दोघांच्याही रिपोर्टावर तोच छापला. चूक दर वेळी जोडीतल्या पहिल्याच्याच रिपोर्टात आहे. भैरवीला बदलायचंच असतं, तर तिनं ही चिठ्ठी फायलीत लावली असती?"



"तो बदल कुणी केला?" विजयसिंहांनी हळूच विचारलं.

"मी," अभिराम म्हणाला. "आणि फोनही मलाच आला होता. मी घाईत होतो."

"त्यांची आई गेलेली," भैरवी खाली बघत म्हणाली. "नाव कसं घेणार?"

त्यानं तिच्यापुढं हात जोडले. तिनं ते बघितले नाहीत.

संयोगितानं एक कागद पुढं केला. "चिठ्ठ्या आणि रिपोर्ट ताडून बघितले. धोका होता अशी आणखी सात नावं आहेत. आत्ता फोन करायला हवेत."

"मी करतो," अभिराम म्हणाला.

पहिले दोन पेशंट सुखरूप होते. तिसरं नाव गारगोटीच्या बाळाबाईंचं.

"बाळाबाई आहेत का? लॅबमधून बोलतोय. त्यांचा रिपोर्ट..."

पलीकडचा बाईचा आवाज सयाजीलाही स्पष्ट ऐकू आला.

"त्या गेल्या की, पावणं. परवाच तेरावं झालं."

अभिरामची नजर यादीतल्या उरलेल्या चार नावांवर गेली.

"हॅलो? काय काम हुतं?" बाई विचारत राहिली.