मनात येईल ते

बारामतीच्या त्या संशोधन केंद्रात अविराज पहिल्यांदा आला, तेव्हा योगिनीनं त्याला दुरुस्तीवाला समजून अडकणारा माउसच हातात ठेवला. त्यानंही निमूटपणे आतली गोळी पुसून दिली... आणि मगच सांगितलं, "मी पुण्याहून आलोय. मुलाखतींचे उतारे विषयवार लावायचं नवं सॉफ्टवेअर वापरायला सोपं आहे का, ते तुमच्याकडून तपासून घ्यायचंय."

योगिनीचे कान लाल झाले!

सत्त्याण्णव साल होतं. मेंढरं सोडून शेतीत शिरलेल्या इंदापूरकडच्या बायांच्या मुलाखती योगिनीनं जमवल्या होत्या. आता त्यांतल्या एकेका उताऱ्याला संगणकावर विषयाची खूण द्यायची होती. अट अशी, की काम करताना मनात येईल ते तिनं मोठ्यानं बोलायचं, टेपरेकॉर्डर चालू ठेवून. त्यानं मागं बसून नुसतं लिहायचं. मदत नाही, उत्तरही नाही.

चार दिवस ती बोलली. "हे बटण कुठं दडलंय, बाई..." तो हसू दाबायचा, ते तिला पडद्याच्या काचेत दिसायचं. आवडायचंही.

पाचवा दिवस शेवटचा. संध्याकाळच्या एसटीनं तो जाणार. एकदा गेला की पुन्हा कशाला येतोय?

त्या बायांपैकी सारजाबाईंचा उतारा तिनं उघडला. कळप विकून टाकला त्या दिवशी त्या रडल्या होत्या, आणि लेक आता एका गावात राहून शिकेल म्हणून हसल्याही होत्या. योगिनीनं 'दुःख' लावलं, पुसलं, 'आनंद' लावला, पुन्हा पुसलं.

"आमच्या मेंढपाळांत मेंढराला एकाच मालकाची खूण असती... दोन कशा लावायच्या?"

अविराजची पेन्सिल थांबली. ओठ उघडले—मिटले.

शेवटी तिनं दोन्ही लावून पाहिल्या. "बसत्यात की! मग मलाबी दोन लागत्याल. काम संपलं, त्याचा आनंद. आन्... ह्ये जाणार, त्याचं वाईट वाटतंय. लई वाईट."

बोलून गेली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेप फिरतच होती.

"अटच हाय तशी," ती पुटपुटली. "तुमी उत्तर देऊ नका."

"देणार. चाचणी बाद झाली तरी देणार," तो म्हणाला. "मलाही जायचं नाहीये, योगिनी."

"बाद? तुमचे साहेब रागावत्याल की!"

"रागावू देत. पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्यापासून घेऊ."

योगिनीनं वळून त्याच्याकडं डोळे भरून पाहिलं. "मग आधी घरी या. आत्ता बोललात, त्येच आमच्या आबांसमोर मोठ्यानं बोला."

अविराजला दरदरून घाम फुटला. पण तो "येतो" म्हणाला.