ओडेलचे हात

व्हिडिओ संपला तेव्हा ओडेल मेफील्ड मेलेला होता आणि त्याच्या पाठीवर गुडघा रोवून बसलेला शिपाई वेड कुबियाक अजून त्याच्या हातांकडेच पाहत होता.

लोर्ना प्रुइटने व्हिडिओ पुन्हा लावला. ओहायोतल्या ज्या शहरात हे घडलं, त्याच शहराच्या पोलिसांत तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. आता ओडेलच्या बायकोने शहराच्या प्रशासनावर भरलेल्या खटल्यात ती बायकोच्या वकिलासाठी तपास करत होती. ओडेल पालथा, हात पाठीमागे बेड्यांत, "श्वास घेता येत नाही" म्हणून कळवळतोय. आणि हा पठ्ठ्या त्याच्या तोंडाकडे ढुंकूनही बघत नाही! त्या रिकाम्या, बांधलेल्या हातांत याला काय दिसत होतं?

शहराचं म्हणणं सोपं होतं. शिकवण चोख, माणूस नासका. कोर्टाने ते मानलं की खापर कुबियाकवर फुटणार आणि शहर नामानिराळं राहणार. ओडेलची बायको व्हर्ना मात्र ऐकायला तयार नव्हती. "याला हाकलतील, आणि बाकीचे उद्या दुसऱ्या कुणाच्या पाठीवर बसतील," ती म्हणाली.

कोर्टाच्या परवानगीने लोर्ना, व्हर्ना, कुबियाक आणि शहराचा वकील पोलिसांच्या सरावाच्या हॉलमध्ये जमले. प्रशिक्षणप्रमुख लेफ्टनंट ड्वेन स्ट्रिकर दारातच गुरगुरला.

"आपल्याच माणसांवर उलटताना लाज नाही वाटत, लोर्ना?"

"वाटते. पण तुमची वाटते. बेड्या घातल्यावर काय करायला शिकवतोस?"

"लगेच कुशीवर वळवायला. हे गाढव विसरलं."

"याआधी कुणी गुदमरल्याची तक्रार?"

"आल्या होत्या. सगळ्या बिनबुडाच्या."

"बिनबुडाच्या हे ठरवलं कुणी?"

"मी. तक्रारी मीच तपासतो."

लोर्नाने बूट काढले आणि ती सरावाच्या गादीवर पालथी पडली. "वेड, वर्गात करता तस्संच कर."

पाठीवर गुडघा आला. "श्वास... घेता येत नाही," ती म्हणाली. गुडघा हलला नाही. वेडची नजर तिच्या हातांवर खिळली होती. तिने तळहात गादीवर आपटला. वेड चटका बसल्यासारखा उठला.

लोर्ना धापा टाकत उठून बसली. "पाहिलंत? सरावात हे एकमेकांवर बसतात. असह्य झालं की खालच्याने गादीवर हात आपटायचा, मग वरचा उठतो. सवयच लागते. पण सरावात बेड्या घालत नाहीत. ओडेलला होत्या. तो हात आपटणार कसा? आणि हा वाट बघत बसला. वेड, खालचा तोंडाने बोलला तर?"

"लेफ्टनंटसाहेब सांगतात, बोलतोय म्हणजे श्वास चाललाय. तोंड खोटं बोलतं. हात आपटेपर्यंत उठायचं नाही."

"तोंड बंद ठेव, मूर्खा!" स्ट्रिकर ओरडला.

"कुशीवर वळवायला शिकवलं होतं, वेड?" लोर्नाने विचारलं.

"कधीच नाही."

"म्हणजे मारायला शिकवणारा हाच," लोर्ना म्हणाली, "आणि गुदमरून वाचलेल्यांच्या तक्रारी दाबणाराही हाच. एक जरी खरी मानली असती तर याचाच वर्ग उघडा पडला असता. शहराने दोन्ही कामं याच्या हाती दिली आणि पुन्हा वळून पाहिलं नाही."

स्ट्रिकरने शहराच्या वकिलाकडे पाहिलं. वकिलाने मान फिरवली.

व्हर्ना कुबियाकपुढे येऊन उभी राहिली.

"तो बोलत होता ते तुला ऐकू येत होतं?"

"हो, बाई. सगळं."

"मग गप्प झाला तेव्हा?"

कुबियाकला तिच्याकडे बघवेना. "मला वाटलं, आता आमचं ऐकायला लागला."