पंपाशेजारचं घर

कुईं करून कपाटाचं दार उघडलं, आणि रिकाम्या घरातली शांतता मोडली.

ती आतल्या खोलीच्या खिडकीशी उभी राहून ऊन आत कुठवर येतं ते बघत होती. घरात कुणी नाही, निवांत बघा, असं विक्री ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं होतं. तिने लेकीचा हात धरला आणि दबकत स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

ओट्याखालच्या कपाटातून दोन पाय आणि एक हात बाहेर आले होते. बाकीचा माणूस आत होता.

तिची नजर आधी हातावरच गेली. त्यात तिचा दोष नव्हता. रक्त तपासायच्या लॅबमध्ये सकाळपासून लोकांचे हात बघायचे हेच तिचं काम. चेहरे तिला नंतर दिसायचे. या हाताची शीर कोपरापासून मनगटापर्यंत सरळ, ठसठशीत, शोधायलाच नको अशी होती.

"अहो, नळ दुरुस्त करताय का?"

"नाही," कपाट बोललं. "घर घेतोय."

"कपाटातून?"

"बाहेरून काय... सगळीच घरं छान दिसतात."

माणूस बाहेर आला. चष्म्यावर सिमेंटची पांढरी धूळ होती. त्याने शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे पाहिलं – गरजेपेक्षा थोडा जास्तच वेळ. काचा नीट पुसल्या गेल्यात का ते बघत असावा, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

तेवढ्यात ऑफिसातल्या बाई आल्या. "अहो" त्यांच्या कानावर पडलं होतं, सोबत लेकरू होतं; त्यांनी सरळ विचारलं, सर-मॅडमना स्वयंपाकघर पसंत पडलं का. दोघं एकदमच "नाही, नाही" म्हणाले. बाईंचा चेहरा पडला. ओटा बदलून मिळेल, असं त्या सांगू लागल्या.

घर शहराच्या पार टोकाला होतं. डांबरी रस्ता संपून खडी सुरू व्हायची, खडी संपली की नव्या वसाहतीची कमान. पुढच्या रांगेतलं हे कडेचं घर सगळ्यांत स्वस्त होतं आणि तिच्या ऐपतीत बसेल असं हे एकच होतं. तेही नोंदणी, गाडी लावायची जागा, देखभाल असे वरचे आकडे कुणी पटापट वाचून न दाखवता हळूहळू सांगितले तर. क्लबहाउसचेही पैसे होते. क्लबहाउस अजून नव्हतं.

घटस्फोटानंतर ती लेकीला घेऊन दादाकडे राहायला आली होती. दादा कधी शब्दाने बोलला नव्हता. वहिनीही वाईट नव्हती. तिने फक्त फ्रीजमध्ये नणंदेसाठी वेगळा कप्पा ठरवून दिला होता आणि तो कप्पा महिन्यागणिक आक्रसत चालला होता. त्याचंही तिला फारसं काही वाटत नसे. पण लेक, जिला तिच्या वळवळीमुळे सगळे भिंगरी म्हणत, ती त्या घरात हळू आवाजात बोलायला शिकली होती. पाच-सहा वर्षांचं पोर पाणी मागायचं तेही कुजबुजत. तिला घर हवं होतं ते एवढ्याचसाठी. आणि आज या रिकाम्या खोलीत शिरल्या शिरल्या भिंगरीने "ओऽऽ" करून एक आरोळी ठोकली होती, घराने तिला ती परत दिली होती, आणि पोर खुदकन हसली होती. मग बाकीचं सगळं बघायचं म्हणून बघायचं राहिलं होतं.

तो माणूस चष्मेवाला निघाला. वसाहतीच्या तोंडाशी दुकानांची रांग होती, तिथे त्याने चष्म्यांचं दुकान घेतलं होतं. आता जवळच राहायलाही बघत होता. हेच घर का, असं तिने जरा धारेवर धरूनच विचारलं. तो म्हणाला, स्वस्त आहे म्हणून. आणि स्वस्त का आहे तेच कपाटात शिरून शोधत होतो.

कारण संध्याकाळी कळलं. आतल्या खोलीच्या भिंतीपलीकडे पाण्याच्या पंपाची खोली होती. पंप चालू होईपर्यंत थांबायचं दोघांनी ठरवलं. भिंगरी दारातल्या वाळूच्या ढिगात रमली आणि ही दोन मोठी माणसं रिकाम्या खोलीत भिंतीला कान लावून उभी राहिली. कान लावायचे म्हणजे तोंडं एकमेकांकडे येणार, हे दोघांच्याही आधी लक्षात आलं नव्हतं. एकाने दुसरीकडे वळायला हवं होतं. कुणी वळलं नाही.

"ऐकू येतंय का काही?" तिने विचारलं.

"येतंय. धडधड होतेय..." तो म्हणाला. "पण पंप नसावा हा. पंप भिंतीच्या पलीकडे आहे."

तिने भिंतीवरचा कान काढला आणि भिंगरीला हाक मारली. मग पंप खरोखरच चालू झाला; खिडकीची काच बारीक थरथरली. एवढं काही नाही, सवय होईल, असं ती म्हणाली. तोही म्हणाला, होईल.

पुढच्या रविवारी तो तिथे होता. त्याच्या पुढच्या रविवारीही. घर निरनिराळ्या वेळी बघितल्याशिवाय घ्यायचं नाही, हे दोघांचंही मत पडलं. दुपारी आले तेव्हा पत्र्याच्या कारखान्याकडून येणारा वास नाकात गेला. सकाळी आले तेव्हा कचऱ्याच्या गाड्या याच रस्त्याने जातात हे कळलं. मोबाइलला न्हाणीघरात रेंज यायची, बैठकीत नाही. चष्मेवाल्याची बोलण्याची तऱ्हा मजेशीर होती. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "असं बरं, की असं?" विचारायची सवय जडलेली, ती रस्त्यावरही सुटायची नाही. खिडकी बंद करून विचारायचा, असं बरं की... उघडून, असं? भिंगरीला या खेळाचं वेड लागलं. ती त्याच्यापुढे एकदा जीभ काढून, एकदा गाल फुगवून उभी राहायची आणि चष्मेकाकांनी निवड करायची.

ऑफिसातल्या बाई दोघांना चहा द्यायच्या आणि चष्मेवाल्याकडे बघून उगाच गालात हसायच्या.

वहिनीने एकदा विचारलं, घर एवढं रविवार-रविवार बघावं लागतं का, की ते दर आठवड्याला वाढतं? दादाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ती म्हणाली, जन्माचा व्यवहार आहे, बघून-सवरून केलेला बरा. वहिनी म्हणाली, तेच म्हणते मी.

मग एका सकाळी तो लॅबमध्ये आला. गृहकर्जाच्या विम्यासाठी रक्त द्यायचं होतं. चार खुर्च्या सोडून तो तिच्याच खुर्चीवर बसला आणि बाही वर करताना त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. मोठा कपाटात शिरणारा माणूस सुईला भीत होता. तिची त्यावर एक युक्ती होती. सुई टोचायच्या अगदी आधी ती माणसाला काहीतरी बिनमहत्त्वाचं विचारायची; तो उत्तर शोधत असताना काम होऊन जायचं.

"इथून गेल्यावर काय खाणार?" तिने विचारलं.

"मी... पाव..." तो म्हणाला, आणि खाली बघतो तर नळी भरलेली. कापसाचा बोळा दाबून धरत तो तिच्याकडे बघत राहिला. ही फसवणूक आहे, असं म्हणाला. ती म्हणाली, आहेच.

तिसऱ्या रविवारनंतर घोडं अडलं ते बसपाशी. लॅब उपाशीपोटी येणाऱ्या लोकांसाठी भल्या पहाटे उघडायची, आणि वसाहतीतून शहरात जाणारी पहिली बस त्यानंतर सुटायची. तिने चालकाला विचारलं, वाहकाला विचारलं, बसच्या ऑफिसात फोन केला. आधीची बस नव्हती. पुढे कधी सुरू होईल ते वस्ती वाढल्यावर बघू. रिक्षाचा खर्च धरला तर घराचा हप्ता आणि रिक्षा मिळून तिचा पगार गिळून टाकत होती.

"मी सोडत जाईन की रोज," चष्मेवाला म्हणाला. "दुकान उशिराच उघडतं माझं."

तो सहज म्हणाला होता. तिला मात्र ते सहज घेता आलं नाही. खडीवरून चालताना मग तिने त्याला सांगितलं. पूर्वीही एक जण "मी आहे ना" म्हणाला होता. गाडी त्याची, घर त्याच्या नावाचं, गॅसचा नंबरसुद्धा त्याच्याच नावावर. तो गेला तेव्हा तिला कळलं, की आपल्याला दुधाला जायचं तरी कुणालातरी विचारून जावं लागत होतं. रडतबिडत नाही, नुसतं सांगितलं. चष्मेवाल्याने मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, की मग सोडणार नाही. पण बसची वेळ बदलावी म्हणून अर्ज करायचा असेल तर माझी सही घ्या. तिला हसू आलं. ते तिने लपवलं नाही.

तिने लॅबच्या डॉक्टरांकडे उशिराची पाळी मागितली. डॉक्टर भले होते. पाळी द्यायला तयार झाले, पण पहाटेचा भत्ता बंद होणार होता, आणि त्या भत्त्यावरच तर हप्ता उभा होता. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा न उघडता पुन्हा एकदा सगळं जुळवून पाहिलं. जुळलं नाही. घर हातचं गेलं होतं. संध्याकाळी लॅबच्या मागच्या गल्लीत शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने आहेत असं सहकारीण म्हणाली, तेव्हा ती जाऊन बघून आली. जिना अरुंद, पण खोल्या उजेडाच्या. शिंप्याचं मशीन दिवसभर खडखडायचं. वरती कुणी कितीही आरडाओरडा केला तरी त्याला पत्ता लागला नसता. तिने हो म्हणून टाकलं.

आणि तरी पुढच्या रविवारी ती पंपाशेजारचं घर बघायला गेली. त्याच्या पुढच्या रविवारीही गेली. चष्मेवाल्याबरोबर गच्चीच्या पावसाळी नळ्या तपासल्या, भिंतीला ओल येईल का यावर चर्चा केली. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. फक्त ते थांबवता येत नव्हतं.

शेवटी बाईंनी तिला निक्षून सांगितलं, की या रविवारी हो किंवा नाही काय ते कळवा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय.

त्या दिवशी वारा होता. भिंगरी दुसऱ्या खोलीत हातांनी भिंती मोजत होती. तो खिडकीत उभा होता, ती दारात. काय बोलायचं ते तिने येताना घोकून ठेवलं होतं.

"तुमच्या दुकानाला रंग कोणता देणार आहात?" तिने विचारलं.

त्याने हळूच बाही वर सरकवली आणि हात पुढे केला.

"टोचा," तो म्हणाला. "काय असेल ते."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे तिला काहीच धड करता येईना.

"मला हे घर परवडत नाही," ती म्हणाली. "दोन आठवडे झाले कळून."

"दोन आठवडे?"

"हो. लॅबजवळ दोन खोल्या घेतल्यात भाड्याने. पुढच्या महिन्यात जाणार."

तो खिडकीकडे वळला. मग म्हणाला, की त्यालाही हे घर घ्यायचं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी पंप ऐकला तेव्हाच. झोप सावध असल्यामुळे इथे डोळ्याला डोळा लागला नसता. दुसऱ्याच दिवशी मागच्या रांगेतलं घर नक्की करून टाकलं. रक्त दिलं ते त्याच घराच्या कर्जासाठी.

"मग इतके रविवार... तुम्ही इथे काय करत होता?"

"तुम्ही यायचात ना."

बाईंचं ते गालातलं हसू तिला आत्ता कळलं. आपण किती रविवार दोघं मिळून, मान खाली घालून, दोघांपैकी कुणीच घेणार नव्हतं अशा घराचे दोष शोधत होतो. ती भिंतीला टेकली आणि हसत सुटली. त्याला मात्र हसू येत नव्हतं. चष्मा काढून तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

"म्हणजे आता रविवार संपले," तो म्हणाला.

"मी फक्त घराला नाही म्हणालेय," ती म्हणाली. मग थांबली. हे काही घोकलेलं नव्हतं. "घराचं गणित मांडता येतं हो. जमत नाही म्हटल्यावर नाही म्हणता आलं. तुमचंही मांडून बघितलं मी... पोर पदरात आहे, एकदा हात पोळलेत, तुम्ही शहराच्या या टोकाला आणि मी त्या. एकही गोष्ट जमत नाही. आणि तरी नाही म्हणवत नाही मला."

काचा पुसणारा हात थांबला. चष्म्याविना त्याचे डोळे अगदी लहान मुलासारखे दिसत होते. त्याने चष्मा घातला नाहीच. तसाच अंदाजाने दोन पावलं पुढे आला, आणि तिने हात पुढे केला नसता तर दारावर आपटला असता. तिची बोटं सवयीने त्याच्या कोपरापाशी गेली, शिरेवर थांबली. तिथे चाललेली धावपळ तिने मोजली नाही.

"मला सोडायला यायचं नाही," ती म्हणाली.

"नाही येणार."

"भेटायला यायचं."

"बसने येईन," तो म्हणाला. "पहिल्या."

ऑफिसात जाऊन तिने बाईंना नाही कळवलं. बाईंनी तोंड वाकडं केलं, चहा मात्र तिघांसाठी मागवला. भिंगरीला वर बिस्किटं. मग तो त्यांना मागच्या रांगेकडे घेऊन गेला. त्याचं घर अजून प्लॅस्टरचंच होतं. चौकटी लागल्या होत्या, दारं नव्हती. कुठे काय येणार ते तो हाताने हवेत दाखवत होता, ती मान हलवत होती, आणि या खोलीला वारा कुठून येईल याचा विचार आपण का करतोय, असं स्वतःला विचारत होती.

भिंगरी उंबऱ्यावर उभी होती. आत शिरत नव्हती. एक पाय आत, एक बाहेर असं करून तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई," तिने विचारलं, "याला दार लागल्यावर आपण बेल वाजवायची... की तसंच आत यायचं?"